धनवटेला काय लागलंय?

नागपूरच्या महालातून बर्डीवर जायचं म्हणजे आधी कॉटन मार्केट लागायचं, मग लोहापूल. वरून आगगाडी जात असली की आम्ही पोट्टे थांबून डबे मोजायचो. पावसाळ्यात पुलाखाली पाणी साचलं की आजोबा धोतराचा सोगा वर खोचून, जोडे हातात घेऊन पलीकडे जायचे. बेत मात्र रद्द व्हायचा नाही. रुळांनी नागपूरचे दोन भाग केले आहेत. अलीकडे भोसल्यांचं जुनं गाव, पलीकडे १८१७ च्या लढाईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी सीताबर्डी, म्हणजेच बर्डी. आम्ही सारे अलीकडचे. लग्नाचा बस्ता, सोनं, किराणा, भांडी, सगळं इतवारी-महालातच मिळायचं. त्यासाठी पूल ओलांडायची गरज नव्हती. तरी कुणी "कुठं जाऊन राहिले?" विचारलं आणि "बर्डीवर" असं उत्तर आलं की घरात मागे राहिलेल्यांना हेवा वाटायचाच.

हेव्याचं कारण मात्र दर पिढीत बदलत गेलं. आमचा वाडा मोठा, माणसं पुष्कळ आणि प्रत्येकाचं बर्डी वेगळं. पण त्या सगळ्यांच्या आठवणी एका ठिकाणी येऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे झाशी राणी चौकातली विदर्भ साहित्य संघाची जागा. तिथे आधी धनवटे रंगमंदिर होतं, आता दुकानांचं संकुल आहे. एवढं सांगून उसासा टाकणारे पुष्कळ भेटतात. आमच्या आत्यासुद्धा टाकायच्या. पण नुसत्या उसाशाने त्या जागेला न्याय मिळत नाही, कारण ती हकीगत एकट्या नाटकाची नाही आणि एकट्या दुकानांचीही नाही.

आजोबांचं बर्डी सरकारी होतं. नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी, मग १९५० पासून मध्य प्रदेशची. आजोबा सचिवालयात कारकून. सकाळी सायकलवर पूल ओलांडायचे, बर्डी पार करून सिव्हिल लाइन्सला जायचे आणि येताना बर्डीवर चहा घेऊन, चार ओळखीच्यांशी राजकारण बोलून घरी यायचे. मोठे वकील, आमदार, वर्तमानपत्रवाले, कॉलेजचे प्राध्यापक, सगळे एकाच रस्त्यावर दिसायचे. "मुख्यमंत्र्यांची गाडी रोज दिसते," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की मुख्यमंत्री आमच्या नात्यातले असावेत असं धाकट्या बहिणीला बरेच दिवस वाटत होतं.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्य मोडलं, विदर्भ मुंबई राज्यात गेला. फायली काही भोपाळला गेल्या, काही मुंबईला आणि त्यांच्यामागोमाग माणसंही गेली. आजोबांच्या चहाच्या टेबलावरचे निम्मे मित्र त्या हिवाळ्यात पांगले. १९५३ च्या नागपूर कराराने मान ठेवला म्हणून दर डिसेंबरात अधिवेशनाला सरकार इथे येतं, तेवढ्यापुरते बंगले उघडतात, रस्ते रंगतात. आजोबा त्याला कधीच अधिवेशन म्हणाले नाहीत. "पाहुणे आले," म्हणायचे.

त्या १ नोव्हेंबरच्या जेमतेम अडीच आठवडे आधी बर्डीवर दुसरी एक गोष्ट घडली होती. ११ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपुरात आले आणि बर्डीच्याच श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेला त्यांनी तिथेच पत्रकारांशी बोलून धर्मांतराची भूमिका सांगितली आणि १४ ऑक्टोबरला, विजयादशमीला, लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांचे लोंढे शहरात पायी येत होते. एका व्यापारी रस्त्यावरचं, प्रवाशांना खोल्या भाड्याने देणारं एक हॉटेल चार-पाच दिवसांत इतिहासाचा पत्ता होऊन बसलं. आता लिहायला बरं वाटत नाही, पण लिहायलाच हवं: आमच्या वाड्याच्या आठवणींत या आठवड्याची नोंद नाही. आजोबांना राजधानी गेल्याची तारीख, वार, हवा, सगळं पाठ होतं. १४ ऑक्टोबरबद्दल विचारलं की म्हणायचे, "गर्दी होती." आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंच्या घरात नेमकं उलट. त्यांचा नवरा एम्प्रेस मिलमध्ये. राजधानी कुठे गेली याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. पण बाबासाहेब त्या हॉटेलच्या कोणत्या बाजूने बाहेर पडले असतील, यावर त्यांच्याकडे तासभर बोलणं व्हायचं. एकच रस्ता, एकच ऑक्टोबर. शहराच्या मधल्या इमारतींबद्दल "आमच्या पिढीची आठवण" असं म्हणताना कोणाच्या घरातली, हे विचारून घ्यावं.

राजधानी गेली त्याच सुमारास झाशी राणी चौकात रंगमंदिर उभं राहिलं. विदर्भ साहित्य संघ मूळचा अमरावतीचा, १४ जानेवारी १९२३ ला संक्रांतीच्या दिवशी स्थापन झालेला. पुढे त्याचं बिऱ्हाड नागपुरात आलं. 'युगवाणी' हे त्याचं मुखपत्र. संस्था साहित्याची, म्हणजे पैशाच्या बाबतीत काय असेल ते वाचकांनी ओळखावं. नाट्यगृहाला धनवट्यांचं नाव लागलं. धनवटे म्हणजे शिवराज लिथोवाले. शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स हा नागपूरचा नामांकित छापखाना. देवादिकांची चित्रं, कॅलेंडरं, मालावर चिकटवायची रंगीत लेबलं तिथे छापली जायची. बर्डीवरच त्यांच्या नावाचं धनवटे चेंबर्स आहे. सांगायचा मुद्दा हा की या जागेवर व्यापार पुढे कधीतरी घुसला, असं नाही. तो पायातच होता. लेबलं छापून मिळालेल्या पैशाचं नाव घेऊनच पडदा वर जायचा आणि त्यात कोणालाही गैर वाटत नव्हतं.

बाबा आणि आत्या ही धनवटेची पिढी. त्यांच्या तोंडी "रंगमंदिर" हा शब्द कधी आला नाही. "धनवटेला काय लागलंय?" एवढंच. शनिवारच्या जेवणात हा प्रश्न निघाला की काकू पोळ्या लाटता लाटता मान वर करायच्या. पेपरातली जाहिरात आत्या आधीच वाचून ठेवायच्या, पण विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत. मग पैशाचा हिशेब, कोण जाणार, कोण धाकट्यांना सांभाळणार यावर वाद, आणि शेवटी नाटकाला जाणारी पलटण दोन सायकल रिक्षांत. मोठ्या माणसांच्या मांड्यांवर आम्ही, आमच्या मांडीवर डबा. डब्यात सांभारवडी. मध्यंतरात बाहेर गरम आलूबोंडे मिळायचे, पण "बाहेरचं कशाला" हे वाक्य म्हणून झाल्यावरच ते घेतले जायचे.

मुंबई-पुण्याच्या नाटकमंडळींचा मोठा दौरा आला की गाव जागं राहायचं. नाटक रात्री उशिरा सुटायचं, रिक्षावाले बाहेर झोप काढत बसलेले असायचे आणि परतताना लोहापुलाखाली आत्या हमखास एखादं पद म्हणून पाहायच्या, कारण तिथे आवाज घुमतो. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ च्या डिसेंबरात मुंबईत रंगभूमीवर आलं, तेव्हा तर आमच्या घरात आपल्याच घरचं कार्य असल्यासारखी धामधूम होती. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. गावात त्यांना सगळे 'मास्तर' म्हणायचे. त्यांची रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था इथली. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेले. "लेखक आपला, गवई आपला, मुंबईवाल्यांनी फक्त पेटी वाजवली," असं बाबा म्हणायचे. त्यांच्या हिशेबात जितेंद्र अभिषेकींसारखा संगीतकार पेटीवाल्यात जमा होता! राजधानी गेल्याचा राग कुठे कुठे निघेल, सांगता येत नाही.

पण धनवटे म्हणजे दौऱ्यावरची नाटकंच नव्हेत. राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर केंद्र सुरू झालं की गावातल्या बँका, शाळा, कचेऱ्या, कॉलेजं सगळी रंगमंचावर यायची. आमचा आतेभाऊ एकदा ऐतिहासिक नाटकात भालदार झाला. बोलायला फक्त ललकारी. घरून डझनावारी माणसं ती ललकारी ऐकायला गेली होती. त्याला ललकारी आठवली नाही आणि राजे तसेच आत आले. आत्यांनी घरी येऊन निकाल दिला, "उभा छान राह्यला बाप्पा." त्या वर्षांत नागपुरात ज्याच्या घरी कुणीच कधी रंगमंचावर उभं राहिलं नाही, असं मध्यमवर्गी घर सापडणं कठीण होतं.

आमचं बर्डी आम्हाला वाटून मिळालं नाही, आम्ही ते ढापलं. कॉलेजात गेलो, लूना आल्या, घरच्यांची सोबत सुटली. मग नाटक, सिनेमा, पुस्तकं, चहा, नुसतं उभं राहणं, सगळं एका चकरीत व्हायचं. व्हेरायटी टॉकीजला तिकीट नाही तर रीगलला, तिथे नाही तर चौकात गप्पा, त्या संपल्या तर झाशी राणी चौकापर्यंत चालत जाऊन धनवटेच्या फलकावर काय लिहिलंय ते बघायचं. एखाद्या व्याख्यानाला आत शिरायचं, कारण बाहेर ऊन आहे. नागपूरच्या मे महिन्यात साहित्यावर निष्ठा सहज बसते.

महेश एलकुंचवारांचा किस्सा त्यांच्या वाचकांना ठाऊक असेल. १९६५ च्या सुमाराची गोष्ट. ते सिनेमाला म्हणून गावात गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटकाला जाऊन बसले. नाटक विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहतांचं. ते पाहून हा इंग्रजीचा तरुण नाटकाकडे वळला आणि पुढे 'वाडा चिरेबंदी' लिहून बसला. लोक हा किस्सा दैवयोगाचा म्हणून सांगतात. मला त्यात नागपूरच्या नकाशाचाही वाटा दिसतो. सिनेमाचं तिकीट हुकलं तर त्याच संध्याकाळी, त्याच कपड्यांत, पायी नाटकाला पोहोचता येईल इतकी ती दोन्ही जवळ होती. भर बाजारातल्या नाट्यगृहाचं हेच तर काम. ठरवून येणारे कुठेही येतात. न ठरवता येणाऱ्यांसाठी बाजाराच्या मध्यावर जागा लागते.

पुढचं सगळ्या शहरांत झालं तसंच इथे झालं. घरात टीव्ही आला, रविवारी रस्ते ओस पडायला लागले, टॉकीजवाल्यांचे चेहरे उतरले. इमारतींची वयं झाली. जमिनीचे भाव मात्र तरुण होत गेले. जिथे चौरस फुटाला सोन्याचा दर, तिथे महिन्यातल्या मोजक्या संध्याकाळी उघडणारं नाट्यगृह ठेवणं हे एका साहित्य संस्थेला झेपणारं काम नव्हतं, हे आज आम्हाला कळतं. रंगमंदिर पाडायचं ठरलं तेव्हा मात्र कळून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. आत्यांनी तर त्या चौकातून जाणंच सोडलं. रिक्षावाल्याला सांगून लांबच्या रस्त्याने न्यायला लावायच्या आणि जास्तीचे पैसे द्यायच्या.

त्या जागी साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल उभं राहिलं. खाली दुकानं, वर साहित्य. आमच्या मुलांना ती जागा मॉल म्हणूनच माहीत आहे. त्यांनी तिथे कपडे घेतले, वाढदिवसाचे केक कापले, सरकत्या जिन्यावर उलटं चढून रखवालदाराच्या शिव्या खाल्ल्या. आम्ही त्यांना सांगायला जायचो, "अरे, इथे रंगमंचावर पणशीकर उभे राहिले होते," तर ते विनयाने विचारायचे, "कोणत्या मजल्यावर?"

दुकानांच्या भाड्यावर साहित्य संस्था चालते, याचा आम्हाला आता राग येत नाही. मराठी साहित्य संस्थांनी सरकारी अनुदानाची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं. १४ जानेवारी २०२३ ला संघाला शंभर वर्षं झाली आणि त्याच फेब्रुवारीत वर्ध्याचं ९६ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन संघाने भरवलं. संस्था जिवंत राहिली, हे लहान काम नाही. संघाचे अध्यक्ष मनोहर म्हैसाळकर यांनी त्यासाठी किती वर्षं झीज सोसली, हे नागपूरला माहीत आहे. शताब्दीला दोन महिने राहिले असताना ते गेले. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत आमच्या आत्याही होत्या आणि शेवटी संघाच्या कार्यक्रमाला लिफ्टने वर जाणाऱ्यांतही त्याच. पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरल्या तेव्हा म्हणाल्या, "नाटकाला पायऱ्या नव्हत्या एवढ्या."

राग येत नाही, तरी एक गोष्ट सलते. मुंबई-पुण्याचं नाटक आलं की आता पावलं सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहाकडे नाहीतर सायंटिफिक सभागृहाकडे वळतात. २२ सप्टेंबर २०१७ ला रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह झालं; राष्ट्रपती रामनाथ कोविंद उद्घाटनाला आले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत नाट्य संमेलनही रेशीमबागेतच भरलं, अध्यक्ष आपले प्रेमानंद गज्वी. सभागृहं चांगली आहेत, थंडगार आहेत, गाडी लावायला जागा आहे. म्हणजे सोय सगळी ठरवून, गाडी काढून येणाऱ्याची. सिनेमाचं तिकीट न मिळालेला, खिशात थोडे पैसे असलेला, संध्याकाळ मोकळी असलेला पोरगा तिथे चुकून पोहोचत नाही. पोहोचलाच तर रखवालदार त्याला विचारतो, "पास आहे का?" दुकानांनी नाटकाला हाकललं असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. खरं पाहिलं तर दुकानांच्या गर्दीतच नाटकाला नवा प्रेक्षक सापडत होता, आणि त्या गर्दीतून उठून नाटकच लांब राहायला गेलं.

यात धनवटेचाच काही विशेष होता असंही नाही. रुळांच्या अलीकडे, गांधीसागराच्या काठी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याच्या दिवशी, एम्प्रेस मिल सुरू केली. तिच्या भोंग्यावर अर्धं नागपूर जेवत होतं. त्या जमिनीवरही आज मॉल आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची नात काही वर्षं तिथल्याच एका दुकानात कामाला होती. तिचा आजोबा मिलच्या फाटकातून आत जायचा तेव्हा झडती व्हायची. तिचीही पर्स रोज तपासायचे. उपयोग बदलले म्हणून सगळंच बदलतं असं समजायचं कारण नाही.

आता झाशी राणी चौकावरून मेट्रो जाते. सीताबर्डीला दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. लोकमान्य नगरकडे जाणारा मार्ग जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला आणि त्यावर झाशी राणी चौकाचं स्टेशन आहे. शहराच्या कुठल्याही टोकाहून आज माणूस पूर्वीपेक्षा सहज, स्वस्तात आणि रात्री उशिरापर्यंत त्या चौकात उतरू शकतो. नाट्यगृहासाठी इतकी सोयीची जागा नागपुरात दुसरी नाही. धनवटे होतं तेव्हा मेट्रो नव्हती आणि मेट्रो आली तेव्हा धनवटे नाही. संघाने वरच्या सभागृहात महिन्यातून निदान एक स्थानिक प्रयोग कमी तिकिटात लावावा आणि त्याचा फलक खाली, दुकानांच्या दारात, केकच्या जाहिरातीशेजारी टांगावा. खरेदीला आलेल्यांतले दहा जण वर गेले तरी खूप झालं. मेट्रोवाल्यांनीही स्टेशनच्या एखाद्या भिंतीवर इथे काय होतं ते लिहावं. आणि लिहायचंच तर श्याम हॉटेलाचंही लिहावं.

तोवर एक काम आपल्या हातचं आहे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत नाटकांची हस्तपत्रकं निघाली, घामाचे डाग पडलेली. उन्हाळ्यात त्यांचाच पंखा व्हायचा. त्यातली निम्मी आम्ही रद्दीत घालणार होतो, भाच्याने अडवलं म्हणून वाचली. अशा पेट्या महालात, धंतोलीत, धरमपेठेत घरोघरी असतील. ज्यांच्याकडे धनवटेची जुनी तिकिटं, हस्तपत्रकं, स्पर्धेचे फोटो असतील त्यांनी मागे नाटकाचं नाव, साल आणि फोटोतल्या माणसांची नावं पेन्सिलीने लिहावीत आणि ती पाकिटं विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात नेऊन द्यावीत. नावं ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर हे करा.